हिरड्या माझ्या, दात वृंदाचे

माझ्या धाकट्या बहिणीचे दात फार सुंदर आहेत. आजार मला झाला, आणि लिहायला बसल्यावर पहिलं वाक्य तिच्या दातांबद्दल आलं. पुढे काय वाचायला मिळणार हे यावरून लक्षात येईलच. हिरड्यांच्या आजारातून मी शस्त्रक्रियेशिवाय बऱ्यापैकी बाहेर आले आहे. ते कसं झालं हे सांगायचंय, कारण माझ्यासारख्या पुष्कळ जणी बेसिनमधलं रक्त पाण्यानं धुऊन टाकतात आणि कामाला लागतात. पण हेवा वगळून सांगितलं तर ते अर्धंच सांगणं होईल.

आम्ही राजाजीनगरातले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, कितीतरी पिढ्या असंच चाललंय. मी सत्तेचाळीस वर्षांची. शाळेत कन्नड शिकवते, आईबरोबर राहते. लग्न केलं नाही, आणि त्याचा दातांशी काही संबंध नाही. वृंदा माझ्याहून चार वर्षांनी लहान. पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या समीरशी तिचं लग्न झालं, ती एचएसआर लेआउटला राहते. मला ती अक्का म्हणते.

लहानपणी वृंदा हसली की आई हातातलं काम थांबवून बघत राहायची. हिचे दात देवानं निवांत बसून लावलेत, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी शेजारीच उभी असायची. माझे दात वाईट नव्हते, थोडे वाकडे होते इतकंच. मी दोन वेळा घासायची, वृंदा एकदाही धड घासायची नाही. तरी पाहुणे तिलाच हसायला सांगायचे. फोटोत मी ओठ मिटून हसते, ती सवय तेव्हाची.

रक्त आठ-दहा वर्षांपासून येत होतं. आधी ब्रश बदलला, मग पेस्ट, मग मिठानं हिरड्या चोळल्या. दुखत नव्हतं, म्हणून आजार नव्हता, असा माझा हिशेब. आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले होते, तिला कवळी आहे. त्यामुळे दात हलणं ही आमच्या घरात वयाबरोबर येणारी गोष्ट होती, चष्म्यासारखी.

मग वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. एका दिवसात नाही. वर्षभरात ते दोघे एकमेकांपासून हळूहळू लांब सरकले. त्याच सुमारास स्टाफरूममधल्या गिरिजा मॅडम मला रोज मधल्या सुट्टीनंतर वेलची द्यायला लागल्या. चांगल्या स्वभावाच्या बाई, असं मला वाटायचं. त्या इतर कुणालाच वेलची देत नाहीत, हे लक्षात यायला मला सहा महिने लागले. ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवलं, आणि संध्याकाळी दवाखान्यात गेले.

*

डॉक्टर शैलजा तिशीच्या असतील. हिरड्यांच्याच डॉक्टर. त्यांनी एक बारीक, खुणा असलेली सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीच्या आत हलकेच घालून मोजायला सुरुवात केली. हिरडी दातापासून किती खोल सुटलीय ते त्यातून कळतं. त्या आकडे बोलत होत्या आणि त्यांची मदतनीस मंजुळा लिहून घेत होती. तीनपर्यंत ठीक, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. थ्री, टू, थ्री. मग फाइव्ह, सिक्स, सिक्स. दाढेपाशी सेव्हन आला तेव्हा मंजुळानं वर पाहिलं. पडद्यापलीकडच्या खुर्चीवर एका कॉलेजच्या मुलीचं मोजणं चाललं होतं. टू, टू, थ्री, टू. सरळ, सुखाचे आकडे. त्या न पाहिलेल्या मुलीचा मला इतका राग आला की माझ्या मुठी आवळल्या गेल्या. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय.

एक्स-रे दाखवत त्या म्हणाल्या, "दात दगडासारखे आहेत. कीड एकही नाही. त्यांना धरून ठेवणारं हाड झिजलंय."

मी विचारलं, भरून येईल का.

"गेलेलं बहुतेक येणार नाही. आहे ते राहील असं करता येतं. ऑपरेशनचं आत्ता बोलूच नका. आधी हिरडीच्या आत, मुळांपर्यंत सफाई करू. चार वेळा या, दर वेळी एक कोपरा. मग दोनेक महिन्यांनी पुन्हा मोजू. अर्धं काम माझं आहे, अर्धं तुमचं, रोजचं."

दोन दाढांची खात्री देता येत नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. साखर तपासून घ्यायला सांगितली, ती ठीक निघाली. घरात आणखी कुणाला असं आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. मी आईचं सांगितलं. मग भावंडं किती, ते विचारलं. एक बहीण, मी म्हटलं. हा आजार घराघरातून चालत येतो, दुखत नाही म्हणून कळत नाही, तेव्हा बहिणीलाही एकदा दाखवून घ्यायला सांगा, असं त्या म्हणाल्या.

मी कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, म्हटलं आणि बाहेर पडले.

ते मी वृंदाला सांगितलं नाही. विसरले नव्हते. रिक्षात बसून मी पुढचं सगळं चित्र पाहिलं होतं. वृंदा दवाखान्यात जाणार, तोंड उघडणार, टू, टू, थ्री, टू. डॉक्टर म्हणणार, वा. मग ती फोन करणार, अगं अक्का, मला काहीच नाही म्हणाले, आणि आई मागून म्हणणार, हिचे दात पहिल्यापासूनच तसे. लहानपणापासून जे ऐकलं ते डॉक्टरच्या सहीनिशी पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. घरी येऊन आईला मी आजाराचं सांगितलं, आणि वृंदाला सांगू नकोस, उगीच काळजी करेल, असंही सांगितलं. आईला ते प्रेम वाटलं.

*

सफाईबद्दल थोडं सांगते, कारण तिलाच घाबरून लोक जात नाहीत.

इंजेक्शन टोचतं, तेवढंच. मग अर्धा जबडा आपला राहत नाही. पाण्याचा फवारा, बारीक थरथर, आणि मधूनच दातावरून कीटण खरवडल्याचा आवाज. तो कानांनी नाही, हाडांनी ऐकू येतो. माझे डोळे आपोआप घट्ट मिटायचे. पहिल्याच वेळी मंजुळानं एका हातानं लाळ ओढणारी नळी धरून दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या कपाळावर ठेवला. चारही वेळा तिनं तो हात तसाच ठेवला. मला कपाळावर हात ठेवून कुणी शेवटचं कधी बसलं होतं ते आठवेना.

आईचा सफाईला विरोध होता. सफाई केली की दात ढिले होतात, माझे तसेच गेले, असं ती रोज म्हणायची. पहिल्या वेळेनंतर माझे दात खरंच जास्त हलतायत असं वाटलं, आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावलं की दात आधीच ढिले होते, कीटणाच्या लुकणानं ते एकमेकांना चिकटून उभे होते. लुकण काढल्यावर खरी अवस्था कळते, आणि हिरडी आवळली की दात पुन्हा धरतात. तसंच झालं. पण ते व्हायला आठवडे लागले आणि तोवर आई जेवताना माझ्या तोंडाकडे बघायची.

त्यांनी दिलेल्या औषधी पाण्यानं चूळ भरून माझी चव गेली. एका दुपारी मी केलेलं सार तोंडात घेऊन आईनं वाटी खाली ठेवली. मला अळणी लागत होतं म्हणून मी तीनदा मीठ घातलं होतं. दोघी हसलो. पुष्कळ दिवसांनी.

घरचं काम म्हणजे मऊ ब्रश, आणि बाटली धुण्याच्या ब्रशसारखा एक इवलासा ब्रश, जो दोन दातांच्या मधे घालायचा. प्रत्येक फटीत, रोज. सुरुवातीला तो रक्तानं लाल होऊन यायचा आणि मला वाटायचं, मीच जखम करतेय. थांबू नका, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. अकराव्या दिवशी तो पांढरा बाहेर आला. मी तो आईला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

पण या काळात मी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं तोंड बघायची. कोपऱ्यावर कणीस खाणारा रिक्षावाला. आमच्या समोरचे चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा, जे अजून अक्रोड दातांनी फोडतात आणि फोडताना मला हात करतात. त्यांनी काय केलं होतं माझ्याहून वेगळं? काहीच नाही. हेच सहन होत नव्हतं.

*

तिसऱ्या सफाईनंतर चार दिवसांनी संक्रांत आली. वृंदाकडे जेवण होतं. सिल्क बोर्डच्या सिग्नलला पाऊण तास अडकून आई आणि मी पोचलो. माझ्यासाठी मी घरून दहीभात नेला होता. पोट बरं नाही, असं सांगितलं. तेवढ्यावर समीरनं विषय सोडला, पण वृंदा आग्रह करत राहिली. एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचं तीळ-गुळाचं मिश्रण, तिळगूळ, आणि टेबलावर उसाची कांडकी. तिनं एक कांडकं उचललं, दातांनी साल ओढून काढली आणि चावायला लागली. आई कौतुकानं बघत होती. अगदी तशीच, हातातलं थांबवून.

वृंदानं चोथा तळहातावर काढला. पांढऱ्या चोथ्यावर जागोजागी लाल रेघा होत्या. चांगल्या ठळक.

"साल लागली वाटतं हिरडीला," ती म्हणाली आणि चोथा कचऱ्यात टाकला.

सालीनं लागल्यावर एका जागी रक्त येतं. हे सगळीकडून होतं. आठ-दहा वर्षं मी रोज बेसिनमध्ये तेच पाहिलं होतं, मला कळायला क्षणही लागला नाही. आणि त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते, कारण ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. मला बरं वाटलं. मी दहीभात संपवला, आणखी दही मागून घेतलं, सगळ्यांशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. परत येताना आई म्हणाली, आज तू खुशीत होतीस.

सांगायला नंतरही भरपूर वेळ होता. रोज मी ठरवायची, उद्या. आणि रोज आतून कुणीतरी म्हणायचं, अजून थोडं थांब.

*

मार्चमध्ये परीक्षांच्या गडबडीत माझं पुन्हा मोजणं झालं. थ्री, थ्री, टू. जिथे सिक्स होता तिथे फोर. सातवाल्या दाढेपाशी फाइव्ह. डॉक्टर शैलजा मोजता मोजता हसायला लागल्या. ऑपरेशनची गरज नाही, त्या दोन दाढांवर लक्ष ठेवू, दर तीन महिन्यांनी या, आणि रोजचं काम सोडू नका, असं त्यांनी सांगितलं. फट मात्र राहणार होती. हिरड्या आवळल्यामुळे दात लांब दिसतात, थंड पाणी झोंबतं. ते चालेल, मी म्हटलं. मंजुळानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच आठवड्यात सकाळी वृंदाचा फोन आला. उजवा गाल सुजला होता, दाढेखाली पू झाला होता, समीर कामासाठी बाहेरगावी होता.

"अक्का, तू हल्ली दातांच्या डॉक्टरकडे जातेस ना? आई बोलून गेली मागे. मला घेऊन चल."

मी शाळेतून रजा घेतली आणि तिला घेऊन गेले. खुर्चीत ती होती, मी बाजूला उभी. मोजणी सुरू झाली. तिच्या त्या एकसारख्या, पांढऱ्या दातांभोवती फाइव्ह, सिक्स, सिक्स. सुजलेल्या दाढेपाशी नाइन. दाढ इकडून तिकडे हलत होती. ती काढावीच लागणार होती. बाकीच्यांचं माझ्यासारखंच, खोल सफाई करून बघायचं.

डॉक्टरांनी सळई खाली ठेवली आणि सहज, काही मनात न ठेवता मला विचारलं, "तुम्हाला मी डिसेंबरातच म्हटलं होतं ना, बहिणीला पाठवा म्हणून?"

कन्नड वृंदालाही माझ्याइतकंच येतं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तोंड अजून उघडंच होतं. डॉक्टरांना कळलं की आपण काहीतरी बोलून बसलो. त्या घाईनं म्हणाल्या की ही दाढ काही वर्षांपासून जात होती, डिसेंबरात आली असती तरी कदाचित वाचली नसती. कदाचित.

दाढ काढल्यावर तोंडात कापूस धरून ती रिक्षात बसली. मला सरकून जागा दिली, पण बघितलं नाही. घराच्या वळणावर तिनं कापूस काढला आणि सावकाश म्हणाली, "दाढ जाऊ दे. संक्रांतीला तू माझ्या हाताकडे बघत होतीस. मला आठवतंय. तेव्हा तुला कळलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"का नाही सांगितलंस?"

मला खोटं सुचत होतं. विसरले, घाबरवायचं नव्हतं, असं बरंच काही. मी म्हटलं, "मला बरं वाटलं होतं, वृंदा. तुझंही रक्त बघून."

तिनं कापूस पुन्हा दाताखाली धरला. आमच्या घरी ती उतरली नाही. त्याच रिक्षानं पुढे गेली.

*

तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. आईशी रोज बोलायची. आई फोन घेऊन आतल्या खोलीत जायची, आणि दारातून मला तिची समजूत घातल्याचं ऐकू यायचं. चूक माझी होती, रडू मला येत होतं, आणि आई तिला जवळ करत होती. तेव्हाही मला हेवाच वाटला. हा आजार हिरड्यांच्या आजारासारखाच आहे, दुखत नाही तोवर आहे हे कळत नाही. फरक इतकाच की याच्यासाठी कुणी चार वेळा बोलावत नाही.

आईनं मला एकदाच विचारलं, मी तुमच्यात भेद केला का गं. मी म्हटलं, केलास. ती उठून तांदूळ निवडायला लागली. त्यानंतर तिनं दातांबद्दल, कुणाच्याही, एक शब्द काढला नाही.

या तीन आठवड्यांत मी एक केलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मला काय झालं होतं, वेलची कशासाठी होती, आणि रक्त येत असेल तर उद्याच दाखवा. ज्यांना बहीणभाऊ आहेत त्यांनी त्यांना आजच फोन करा, असंही सांगितलं. गिरिजा मॅडम खाली बघत होत्या. नंतर त्यांनीच येऊन डॉक्टरांचा पत्ता घेतला.

मग एका शनिवारी दुपारी वृंदाचा फोन आला. तिनं डॉक्टर शैलजांकडेच सफाई सुरू केली होती, पहिली वेळ सकाळीच झाली होती. आवाज बोबडा येत होता.

"काय खायचं असतं यानंतर?" एवढंच तिनं विचारलं.

मी नाचणीची आंबील केली, कोमट होऊ दिली आणि डबा घेऊन एचएसआरला गेले. दार तिनंच उघडलं. अर्धा चेहरा बधीर, ओठ एका बाजूला लोंबलेला, हनुवटीवर रुमाल. आंबील पिताना निम्मी बाहेर येत होती. मी पुसायला हात पुढे केला, तिनं माझ्या हातातून रुमाल घेतला आणि स्वतः पुसलं.

नंतर ती म्हणाली, तो मधला ब्रश कसा घालायचा ते दाखव, डॉक्टरांनी दाखवलं पण हात बसत नाही. आम्ही बेसिनच्या आरशासमोर उभ्या राहिलो. आज सफाई झालेली बाजू सोडून दुसरीकडे शिकू, मी म्हटलं. तिनं ओठ बाजूला ओढला. खालच्या पुढच्या दातांच्या मधे, हिरडीजवळ, एक काळी तिकोनी फट उघडी पडली होती. माझ्या तोंडात तशा पाच आहेत.

ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"खरं सांग, अक्का. ही बघून बरं वाटलं?"

मी आत शोधलं. होतं. पूर्वीइतकं नव्हतं, पण होतं.

"स्वल्प," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्याची जी बाजू जागी होती ती हलली. ते हसू होतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं ब्रश माझ्या हातात दिला, डोकं मागे केलं आणि तोंड उघडलं. मी दुसरा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि मागच्या दाढेपासून सुरुवात केली.